रक्त निघालं तरच

२ मार्च

छोटे,

तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. काल सात वेळा केला. सातव्यांदा तुझ्या त्या प्राण्यांच्या दवाखान्यातल्या कुणी बाईने उचलला आणि "त्या आत कुत्र्याला धरून उभ्या आहेत" म्हणाली. मी फोन केला की बरोबर तेवढ्याच वेळी तुला कुत्रा धरावा लागतो!

कामाचं सांगते. आईची लोकरी गेली. आईच्या दोन गिनीपिग तू पाहिल्या असशील, मागच्या खेपेला जेमतेम पाऊण तास टेकलीस तेव्हा. तिच्या खुर्चीशेजारी, खिडकीखालच्या लाकडी कुंपणात असतात. पांढरी मऊ केसांची ती लोकरी. राहिली ती ठिपकी. ती आता कोपऱ्यात तोंड घालून बसलीय. काकडी नको, ढोबळी मिरची नको, गवताला तोंड लावत नाही. आणि ती खात नाही म्हणून आई खात नाही. ताट पुढे केलं की म्हणते, "तिने खाल्लं की मी खाईन." काल चमच्याने भरवायला गेले तर चमचा हाताने उडवून लावला. अठ्ठ्याहत्तर वय, पाय गेले, पण मनगटातला जोर आहे तसा आहे.

इथल्या डॉक्टरांनी सांगितलं, हा प्राणी एकटा राहत नाही, दुसरी आणा. दुकानात मिळतात त्या नर की मादी हे दुकानदारालाच माहीत नाही. तुझा जन्म प्राण्यांत गेला. एक मादी शोधून दे. माझ्यासाठी नको करूस, मी कुठे म्हणतेय. आईसाठी कर. मी सकाळभर दुकानात बसून लोकांच्या कोटांना रफू करते आणि दुपारी घरी येऊन या दोघींपुढे हात जोडते. दोघीही तोंड फिरवतात.

उत्तर पाठव. तेवढं तरी पाठव.

ताई


६ मार्च

ताई,

सा. न. वगैरे लिहायला हात वळत नाही, तेव्हा एकदम मुद्द्यावर येते.

फोन मी मुद्दाम उचलत नाही. फोनवर तू रडतेस, मी गप्प बसते, आणि ठेवताना तूच म्हणतेस, "तुझ्याशी बोलून बरं वाटलं." मला बरं वाटलेलं नसतं. यापुढे लिहीत जा. कागदावर रडलं तरी आवाज येत नाही.

मादी आहे. डोक्यावर केसांचा तुरा आहे म्हणून शेंडी म्हणतो. कुणीतरी बुटांच्या खोक्यात घालून दवाखान्याच्या दारात सोडली होती. दोन वर्षांची असेल. आमच्या डॉक्टरांनी तपासलीय, रोग नाही. शनिवारी आमची औषधांची गाडी तुमच्याकडून जाते, ड्रायव्हर आणून देईल. खोक्यात घालून, अंगाखालच्या फडक्यासकट. आपल्या घरात माणसंसुद्धा अशीच धाडतात, तेव्हा आईला नवल वाटायचं नाही. मला दोन फ्रॉक दिले होते, हिला एक फडकं.

आता नीट वाच. ठिपकीला आजच्या आज भरव. तिच्या खाद्याच्या गोळ्या पाण्यात कुस्कर आणि सुई काढलेल्या सिरिंजने दर तीन तासांनी थोडं थोडं दे. यांचं पोट रिकामं राहिलं की जनावर हातचं जातं. शेंडी आली की दोघींना शेजारी ठेव, पण मधे जाळी. आठवडाभर. रोज फडकी बदल, हिचं तिच्याकडे, तिचं हिच्याकडे, म्हणजे वास ओळखीचा होतो. मग दोघींना अशा जागी सोड जी कुणाचीच नाही. ठिपकीच्या कुंपणात अजिबात नाही. खाली चादर, भरपूर गवत, पाण्याच्या दोन बाटल्या आणि लपायला खोकी. प्रत्येक खोक्याला दोन दारं पाहिजेत. एकच दार असलं की आतली कोंडीत सापडते, आणि व्हायचं नसलेलं भांडण होतं.

त्या भांडतील. दात कटकट वाजवतील, घुर्र करत, ढुंगण हलवत एकमेकींभोवती फिरतील, अंगावर चढतील, पाठलाग करतील, केस उपटतील. करू देत. मोठी कोण हे ठरल्याशिवाय त्या शेजारी बसत नाहीत. मधेच उचललंस तर ठरायचं ते तसंच राहतं आणि पुढच्या वेळी पहिल्यापासून सुरू होतं, आणखी जोरात. रक्त निघालं तरच वेगळ्या करायच्या. रक्त निघालं तरच. दोनदा लिहिलं, कारण मी तुला ओळखते.

धाकटी


१९ मार्च

छोटे,

तुझी शेंडी गुंड आहे.

जाळी होती तोवर सगळं छान होतं, हे आधी कबूल करते. शेंडी पलीकडे कचाकचा खायला लागली की ठिपकीला राहवेना, तीही खायला लागली. आईनेही चार घास खाल्ले. मला वाटलं, सुटले.

मग तू सांगितलंस तसं माझ्या शिवणाच्या खोलीत टेबल सरकवून, चादर अंथरून दोघींना सोडलं. खोक्यांना दोन दारं केली, मापाने, चार चार इंचांची. ठिपकी बिचारी गवताशी गेली. तुझी ती मागून घुर्र करत आली आणि तिच्या अंगावरच चढली! ठिपकीने दात वाजवले. आई पलीकडच्या खोलीत खुर्चीतून, उघड्या दारातून बघत होती, ती ओरडली, "उचल! ती बाहेरची मारील तिला!" मी उचललं. दुसऱ्या दिवशी पुन्हा सोडलं. चार मिनिटं. उचललं. तिसऱ्या दिवशी ठिपकीच्या केसांचा पुंजका चादरीवर पडला. पुन्हा उचललं. आता शेंडी नुसती जाळीतून दिसली तरी ठिपकी दात वाजवते. आई म्हणते, दोघी जिवंत हव्या असतील तर दोन खोल्यांत ठेव. मला पटतंय.

आणि ते फडकं. दवाखान्याच्या दारातली म्हणे! पंचवीस वर्षं मी लोकांच्या कपड्यांत नाक खुपसून बसलेय, मला शिकवतेस? तुझ्या निळ्या शर्टाची पाठ आहे ती. कुरतडून भोकं पडलीत आणि ती तू तुझ्या त्या वेड्यावाकड्या टाक्यांनी बुजवलीस, तीन रंगांच्या दोऱ्यांनी, म्हणजे तीन वेगवेगळ्या वेळी. ही तुझ्या घरची आहे. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? माझी देते म्हणाली असतीस तर जीभ झडली असती का?

आता पुढे काय करायचं ते सांग. दोन खोल्यांतच ठेवते म्हणते.

ताई


२३ मार्च

ताई,

तीन दिवसांत तीनदा उचललंस! मी दोनदा लिहिलं होतं. तुझ्यापेक्षा भिंतीला सांगितलं असतं तर बरं.

दात वाजवणं म्हणजे मारामारी नव्हे. ते बोलणं आहे. 'लांब हो', 'मी आधी आलेय', 'तुझं काय गं इथे', असलं. तू त्यांचं वाक्य अर्धं तोडतेस आणि मग म्हणतेस, पटत नाही त्यांचं.

आई म्हणते! आईने आयुष्यात दुसरं काय म्हटलं? 'दोघी जिवंत हव्या असतील तर वेगळ्या ठेवायला हव्यात' हेच वाक्य तिने मावशीला सांगितलं होतं. माझ्यासमोर, माझी पिशवी भरताना. आणि 'बाहेरची' म्हणाली ना शेंडीला? तो शब्द कागदावर उतरवताना तुझा हात जरासुद्धा अडखळला नाही?

मी चावले, मला मान्य आहे. खिडकीतल्या जागेवरून भांडत होतो, मी तुझ्या दंडाला चावले आणि रक्त निघालं. आठ वर्षांची होते, ताई. एका चाव्याला दहा वर्षं? मावशीकडे माझं नाव काय होतं ठाऊक आहे? चावरी. तिची मुलं पंगतीला माझ्यापासून एक पाट सोडून बसायची. "चावरी आली, हात सांभाळा." सुट्टीत आपल्या घरी आले की आई मला पाहुण्यांचा टॉवेल काढून द्यायची. माझा टॉवेल राहिलाच नव्हता. आणि तू दंडावरची खूण मिरवत बिनबाह्यांचे कपडे घालून फिरायचीस.

शेंडी माझीच आहे. तिची जोडीदारीण डिसेंबरात गेली. माझ्याकडे एक एकटी होती, तुझ्याकडे एक एकटी होती, म्हणून दिली. सांगितलं नाही, कारण तू उपकार मानत बसली असतीस, आणि मला तुझे उपकार नकोत, आभारही नकोत.

चार दिवस पुन्हा जाळी लाव. मग सोड, आणि स्वतःच्या हातांवर बस. खरोखर बस. आईच्या खोलीचं दार लावून घे.

धाकटी


३० मार्च

छोटे,

उचलली जीभ लावली टाळ्याला! चौतीस वर्षांपूर्वीची मढी कशाला उकरतेस? मी अकरा वर्षांची होते. मी तुला धाडलं नाही. आईने धाडलं. मला विचारून धाडलं नाही.

आणि मागे कोण राहिलं ते कधी मनात आलं का तुझ्या? भांडायला कुणी नाही, खिडकीतल्या जागेवर मी एकटी. आईचं सगळं बोलणं मला, सगळे धपाटे मला, आणि आता सगळं उठवणं-बसवणं मला. तुला दोन फ्रॉक दिले म्हणतेस. मला आई दिली. अख्खी. तू सणकीत येतेस, पाऊण तास बसतेस, घड्याळ बघतेस आणि जातेस. वर मला पत्रातून वागायचं कसं ते शिकवतेस!

असो. शेंडीचं सांगते. चार दिवस जाळी ठेवली. काल सकाळी दहाला दोघींना सोडलं. हातांवर बसले. वीस मिनिटं बसले, बोटांना मुंग्या आल्या. दात, घुर्र, पळापळ, सगळं होऊ दिलं. मग दोघी एका खोक्यात घुसल्या, दुसऱ्या दाराने बाहेर आल्या, ठिपकी किंचाळली, आणि पांढऱ्या टॉवेलवर लाल थेंब. एक नाही, सात-आठ. ठिपकी लंगडत कोपऱ्यात गेली. आईने आतून विचारलं, "चावली?" मी म्हटलं, "हो, चावली."

रक्त निघालं. नियम तुझाच. वेगळ्या केल्यात, आणि आता पुन्हा एकत्र आणणार नाही. शनिवारी गाडी आली की शेंडीला परत पाठवते. खोकं भरून ठेवलंय. फडकं धुऊन, भोकं नीट रफू करून घातलंय.

ताई


३ एप्रिल

ताई,

या शनिवारी गाडी तुझ्या दाराशी थांबणार नाही. ड्रायव्हरला सांगून ठेवलंय.

रक्त निघालं लिहिलंस. कुठून निघालं ते लिहिलंच नाहीस. चावा कुठे आहे? ओठावर, कानावर, पाठीवर? ह्या चावल्या की तिथेच चावतात. लंगडण्याशी चाव्याचा काय संबंध? आणि टॉवेल कुठून आला? मी चादर म्हटलं होतं.

हे पत्र खाली ठेव. ठिपकीला उजेडात घे, पोटाशी धर, चारी पाय बघ, एकेक नख बघ. शेंडीचं तोंड बघ. आमच्याकडे नवीन शिकाऊ मुलगी आली की पहिल्या दिवशी एवढंच शिकवतो, आधी जखम, मग दोष. तू जखम न बघता दोष लावलास.

शेंडी खरंच चावली असेल तर मी येऊन तिला घेऊन जाईन. दारातूनच. मग तुझं माझं पत्रही नको. चावऱ्यांना कसं सांभाळायचं मला ठाऊक आहे.

धाकटी


७ एप्रिल

छोटे,

नख होतं.

मागच्या डाव्या पायाचं, मुळापासून उलटं फाटलेलं. चादर सरकत होती म्हणून मी तिच्यावर टॉवेल घातला होता, माझंच शहाणपण. टॉवेलच्या विणीत एक धागा ओढला गेलाय आणि त्या फासात नखाचा तुकडा तसाच अडकलेला आहे. लोकांच्या कोटांचे ओढलेले धागे मी भिंगातून शोधते आणि माझ्या घरात, माझ्या टॉवेलवर, मी बघितलं नाही. ठिपकीच्या ओठावर, कानावर, पाठीवर कुठेच चाव्याची खूण नाही. ती चावली नाही. आईने "चावली?" विचारलं आणि मी न बघता हो म्हटलं.

एवढं लिहून मी उठले. दोन कोट उरकले, आईचं अंग पुसलं, पुन्हा बसले. खाई त्याला खवखवे म्हणतात. मागच्या पत्रात मी तुझ्यावर एवढी का ओरडले ते आता लिहायचं आहे.

तू मला चावली नव्हतीस.

खिडकीतल्या जागेवरून भांडत होतो, ते खरं. तू माझ्या पिवळ्या फ्रॉकची बाही दातांत धरली होतीस आणि सोडत नव्हतीस. मी हिसका दिला आणि मागे गेले. मागे पत्र्याचं बुटकं कपाट होतं, त्याचा वरचा कोपरा वाकून बाहेर आलेला, आठवतो का? त्याने बाही फाटली आणि दंड कापला. तुझ्या तोंडात नुसतं कापड होतं. आई हात पुसत आली. तिने माझा दंड पाहिला, तुझं तोंड पाहिलं आणि विचारलं, "चावली?" तुला नाही, मला विचारलं. मी मान हलवली. वर-खाली.

तोंडाने बोललेसुद्धा नाही. का केलं ते शोधून पाहिलं. दंड झोंबत होता, तुझा राग आला होता आणि खिडकीतली जागा हवी होती. याहून मोठं कारण सापडत नाही, सापडलं असतं तर लिहिलं असतं. मला वाटलं, तुला दोन धपाटे बसतील. तिसऱ्या दिवशी मावशी आली. दोनच फ्रॉक भरले तेव्हा वाटलं, आठ दिवसांत येशील. आठ दिवस झाले तेव्हा सांगायला हवं होतं. महिना झाला तेव्हा ते सांगणं आणखी जड झालं. वर्ष झालं तेव्हा मी मूग गिळून बसायला शिकले होते. तू सुट्टीत यायचीस, माझ्या दंडाकडे बघायचीस आणि मान खाली घालायचीस. मी बघू द्यायचे.

फ्रॉक आईने पोतेऱ्यात टाकायला सांगितला होता. मी लपवला. पत्र्याने कापड फाटलं की आधी सरळ जातं आणि मग काटकोनात वळतं. दातांनी तसं कधी फाटत नाही. बाही कुणीही हातात घेऊन पाहिली असती तर कळलं असतं. म्हणून मी ती शिवली, आईच्या डब्यातला दोरा चोरून, दोन दुपारी बसून. माझ्या जन्मातली ती पहिली शिवण. 'तुमच्या हाताखालून गेलं की फाटलेलं दिसतच नाही' असं गिऱ्हाईक म्हणतात ना, ते मी असं शिकले.

बाही कापून सोबत पाठवतेय. टाके आज उसवले. काठाशी दातांची तीन बारीक भोकं आहेत. काटकोनातली फाट त्याच्या चार बोटं वर आहे. तू म्हणतेस तसंच कर, आधी जखम बघ.

आईलाही सांगितलं. ती म्हणाली, "तेव्हा तोंड शिवलं होतं का तुझं?" आणि हातातला चमचा मला फेकून मारला. कानाजवळून गेला. मग म्हणाली, "तिला बोलाव. पण तू लिहू नकोस, तुझ्या हातचं आता मला काही खरं वाटत नाही." कागद दिला तर बोटांत पेन धरवेना. तेव्हा माझ्याच हातचं आहे हे.

नखाला औषध लावलं, तीन दिवस पाय बरा होऊ दिला. आज सकाळी नऊला दोघींना पुन्हा सोडलं. चादर, टॉवेल नाही. दोन तास भांडल्या. आई ओरडली, "वेगळ्या कर त्यांना!" मी म्हटलं, "आई, गप्प बस. रक्त निघालेलं नाही." पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा तिला असं बोलले. शेवटी ठिपकीने मान खाली घातली आणि शेंडी तिच्या अंगावरून पुढे जाऊन गवतात बसली. आता दोघी एकाच ढिगातलं खाताहेत, वीतभर अंतर ठेवून, मधून मधून कुरकुरत. तुझी मोठी ठरली. बरोबर झालं.

माफी मागायला मला तोंड नाही.

ताई


१३ एप्रिल

ताई,

चार पत्रं लिहून फाडली. हे पाचवं.

बाही मिळाली. आम्ही जखमा बघतो त्या भिंगाच्या दिव्याखाली धरली. काटकोन दिसला. मला शिवणातलं काही कळत नाही, पण तेवढं आंधळ्यालाही कळेल. मग काठाशी बघितलं. तीन भोकं आहेत म्हणालीस, बरोबर आहे. पण दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधे एका दाताची जागा कोरी आहे. माझा पुढचा दात पडला होता तेव्हा. मावशीकडे मला 'चावरी' म्हणणाऱ्यांत तिचा मधला मुलगा सगळ्यात पुढे, आणि तोच मला 'फट' म्हणूनही चिडवायचा. मला हे आठवत होतं, ताई. दोन्ही आठवत होतं आणि चौतीस वर्षांत मी ते एकमेकांशेजारी ठेवून पाहिलं नाही. पुढे दातच नसलेली पोर दंड असा कसा चिरेल? रक्ताची चव आठवते असं मी स्वतःला सांगत राहिले. तोंडात कापड होतं.

तुझा राग येतो म्हणणं फार थोडं झालं. मी भांडत नाही. कुणाशीच नाही. एक माणूस माझ्याबरोबर चार वर्षं राहिला आणि "तुझ्याशी भांडताच येत नाही" म्हणून निघून गेला. मी नखं मांसापर्यंत कापते. कुणी तान्हं मूल हातात दिलं की मी तोंड बाजूला वळवते, न जाणो. लोकांना वाटतं, हिला मुलं आवडत नाहीत. मला आवडतात. मला फार आवडतात, ताई! आणि तू म्हणतेस, खिडकीतल्या जागेसाठी. कारण मोठं असतं तर मला बरं वाटलं असतं का? नसतं वाटलं. पण इतकं लहान?

माफी मागू नकोस. मागितलीस तरी द्यायला माझ्याकडे ती नाही, आणि कधी असेल हे मला माहीत नाही.

शनिवारी येतेय. औषधांच्या गाडीतून, शेंडी आली तशीच. पंधरा दिवसांची रजा टाकलीय. पिशवी मोठी आहे, दोन फ्रॉकांची नाही. शेंडीला बघायला येत नाही, तिचं ती बघून घेईल. मी भांडायला येतेय. मला भांडायची सवय नाही, तेव्हा सुरुवातीला जमणार नाही, वेळ लागेल. शिवणाची खोली मोकळी कर. पत्र्याचं ते कपाट अजून घरात असेल तर आधी बाहेर काढ. दोन्ही दारं उघडी ठेव. मला मधेच निघून जावंसं वाटेल, तेव्हा जाता आलं पाहिजे, आणि दुसऱ्या दाराने परत येता आलं पाहिजे. पाहुण्यांचा टॉवेल काढलास तर मी तो खिडकीबाहेर फेकीन. खिडकीतली जागा माझी, हे आताच सांगून ठेवते.

मी ओरडणार आहे. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेव. तूही ओरड. तुझं जे म्हणणं आहे, मला आई दिली अख्खी वगैरे, ते समोर उभी राहून ओरड, मी ऐकून घेईन आणि उलट बोलेन. रडायचं मात्र नाही. तू रडलीस की मी गप्प बसते, आणि मला आता गप्प बसायचं नाही.

आई खुर्चीतून ओरडेल, 'वेगळ्या करा ह्यांना' म्हणेल. आणि 'चावली?' असं विचारेल तुला, मला नाही. या वयात तिची सवय जायची नाही. त्या दिवशी तू मान वर-खाली हलवलीस. या वेळी आडवी हलव.

धाकटी